शिक्षक-समुपदेशकाची नोंदवही : महाविद्यालयीन समुपदेशनातील गोपनीयतेची चिकित्सा

प्रस्तावना

समुपदेशन हे विश्वासावर उभे असलेले नाते होय. आईवडिलांना सांगता येत नाही, मैत्रिणीला सांगवत नाही, अशी गोष्ट माणूस एखाद्या तिऱ्हाइतापुढे बोलून दाखवतो, ती 'हे येथेच राहील' या एका भरवशावर. हा भरवसा नसेल तर समुपदेशनाची खोली आणि चौकशीची खोली यांत फरक उरत नाही. म्हणूनच समुपदेशनशास्त्रात गोपनीयतेला नीतितत्त्वांत अग्रस्थान दिलेले आढळते, आणि महाविद्यालयांतील समुपदेशन केंद्रांच्या दारावर 'आपली माहिती गुप्त ठेवली जाईल' अशा आशयाची पाटी असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही पाटी आहे. ती कोणत्या अधिकाराने लावली आणि ती खरी करून दाखवणारी कोणती व्यवस्था तिच्यामागे आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. अनुदानित महाविद्यालयात, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी, पूर्णवेळ प्रशिक्षित समुपदेशकाचे पद सहसा नसते. वर्षाच्या आरंभी समित्यांचे वाटप होते, त्यात मानसशास्त्राच्या आणि तो विषय नसल्यास अन्य एखाद्या विषयाच्या प्राध्यापकाकडे केंद्राची जबाबदारी येते. त्याच्या स्वाधीन एक नोंदवही होते. तीत विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, भ्रमणध्वनी क्रमांक, 'समस्येचे स्वरूप', 'दिलेला सल्ला' असे रकाने आखलेले असतात आणि शेवटी विद्यार्थ्याची सही असते. ही वही एरवी विभागाच्या कपाटात असते आणि मूल्यांकन समितीच्या भेटीच्या दिवशी टेबलावर येते. पाटी एक सांगते आणि वही दुसरेच करते. या विसंवादाचा विचार अध्यापकांनी करावयास हवा, कारण पाटीही आपणच लावतो आणि वहीही आपणच लिहितो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

महाविद्यालयीन समुपदेशनासंबंधी जे अधिकृत दस्तऐवज आज उपलब्ध आहेत, त्यांचे गोपनीयतेच्या अंगाने वाचन करणे, त्यांतील परस्परविरोध दाखवणे आणि अध्यापकाला आचरता येईल अशी कार्यपद्धती सुचवणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ आणि सर्वोच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे निर्देश हे प्रमुख आधार आहेत. परदेशातील दोन घटनांचा तौलनिक विचारही केला आहे. अभ्यासपद्धती विश्लेषणात्मक आहे.

संज्ञांची उकल

खाजगीपणा, गोपनीयता आणि नोंद या तीन संज्ञा व्यवहारात एकमेकींत मिसळल्या जातात. खाजगीपणा हा व्यक्तीचा हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात हा हक्क मूलभूत असल्याचा निर्वाळा दिला. गोपनीयता हे मात्र दुसऱ्याचे कर्तव्य आहे. व्यक्तीने आपल्या खाजगी जीवनाचा एक भाग विश्वासाने ज्याच्या हाती दिला, त्याने तो राखावयाचा असतो. तिसरी संज्ञा नोंद. बोललेला शब्द ऐकणाऱ्यापाशी राहतो. लिहिलेला शब्द लिहिणाऱ्यालाही मागे टाकून उरतो. समुपदेशकाची बदली होते, तो निवृत्त होतो, समिती बदलते, पण वही संस्थेची राहते.

आपल्याकडील चर्चेत गोपनीयता हा समुपदेशकाचा वैयक्तिक सद्गुण मानला जातो. 'सर कोणाला काही सांगत नाहीत', 'मॅडमच्या पोटात गोष्ट राहते' अशा शब्दांत त्याची वाखाणणी होते. हा सद्गुण आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. संस्थेत माहिती समुपदेशकाच्या तोंडून जितकी बाहेर जाते, त्याहून सहजपणे ती वहीतून, अर्जातून, अहवालातून आणि संगणकातून जाऊ शकते. म्हणून गोपनीयतेचे मूल्यमापन माणसाच्या स्वभावावरून न करता संस्थेच्या कार्यपद्धतीवरून करावे, अशी या लेखाची भूमिका आहे.

२०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचे वाचन

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांच्या परिसरातील व परिसराबाहेरील विद्यार्थी-सुरक्षेसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांत विद्यार्थी-समुपदेशन व्यवस्थेला स्वतंत्र स्थान आहे. चिंता, ताण, अपयशाची भीती, घरची ओढ, अभ्यासाच्या विवंचना या सर्वांसाठी विद्यार्थी, शिक्षक व पालक यांना सामावून घेणारी व्यवस्था असावी, असे त्यांत म्हटले आहे. शिक्षकांना शिक्षक-समुपदेशक म्हणून प्रशिक्षित करावे, प्रत्येकाकडे २५ विद्यार्थ्यांचा गट सोपवावा आणि त्याने वर्षभर त्यांच्या संपर्कात राहावे, अशी ही योजना आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना परिचित असलेल्या शिक्षक-पालक योजनेशी तिचे साम्य उघड आहे. हेतू स्तुत्य आहे. मोठ्या वर्गात हरवून गेलेल्या विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा एक तरी शिक्षक असावा, या अपेक्षेत गैर काहीच नाही.

अडचण पुढे येते. या शिक्षक-समुपदेशकाने विद्यार्थ्याच्या भावनिक व बौद्धिक गरजांकडे लक्ष द्यावे आणि त्याच्या प्रगतीचा, उपस्थितीचा, परीक्षेच्या निकालाचा वृत्तांत पालकांना नियमितपणे कळवावा, अशी अपेक्षा आहे. त्याही पुढे जाऊन, तो वसतिगृहाच्या अधीक्षकांशी समन्वय साधून विद्यार्थ्यांचे वैयक्तिक तपशील, शैक्षणिक नोंदी आणि वर्तनाच्या पद्धती यांची देवाणघेवाण करू शकेल, म्हणजे वेळीच प्रतिबंधक वा सुधारक उपाय योजता येतील, असे सुचवले आहे. या देवाणघेवाणीसाठी विद्यार्थ्याची संमती घ्यावी, अशी अट सदर परिच्छेदात दिसत नाही. समुपदेशनात सांगितलेले कोणते आणि एरवी निरीक्षणातून कळलेले कोणते, असा भेदही केलेला नाही.

हा दस्तऐवज मुळात सुरक्षेचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कुंपण, ओळखपत्र, पहारा यांच्याच ओळीत समुपदेशन येऊन बसले आहे. सुरक्षेची दृष्टी धोका शोधते. तिला माहिती जितकी अधिक हातांत तितकी बरी. समुपदेशनाची दृष्टी माणूस समजून घेते. तिला माहिती जितक्या कमी हातांत तितकी बरी. या दोन दृष्टी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र केल्या की सुरक्षेची दृष्टी वरचढ ठरते, कारण तिच्यामागे संस्थेची भीती उभी असते. परिणामी, जो ऐकतो तोच कळवतो आणि विद्यार्थ्याला हे कळताच तो बोलण्याचे थांबवतो.

यात पणाला काय लागते, ते नेमकेपणाने सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावात महाविद्यालय, बाजारपेठ आणि नातेसंबंध यांच्या सीमा वेगळ्या नसतात. कार्यालयातील लिपिक मुलीच्या मामाच्या गावचा असतो; अधीक्षिका कोणाची तरी आत्या असते. अशा ठिकाणी 'मुलगी अलीकडे अस्वस्थ दिसते, एका मुलाशी बोलणे असते' एवढी एक ओळ घरी पोहोचली, तर तिचे शिक्षण तेथेच थांबू शकते. मुलाच्या बाबतीत व्यसन, कर्ज, लैंगिक ओळख किंवा एकदा केलेला आत्महत्येचा विचार ही माहिती त्याच्या नावाला कायमची चिकटू शकते. वृत्तांत पाठवणाऱ्याने ती ओळ पूर्ण सद्हेतूने लिहिलेली असते, पण परिणाम सद्हेतूवर अवलंबून नसतो.

गुरू-शिष्य नाते आणि गुणपत्रक

शिक्षक-समुपदेशकाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद करता येतो. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला नाते हे उपचारात्मक नात्याचे प्रारूप ठरू शकेल, असा विचार मांडला होता. पाश्चात्त्य उपचारपद्धतीतील तटस्थ, करारवजा नात्यापेक्षा आपल्याकडील माणसाला वडीलधाऱ्याचा आधार अधिक जवळचा वाटतो, या निरीक्षणात तथ्य आहे. कुटुंब हा आपल्याकडे मोठा आधार असतो, आणि कुटुंबाला दूर ठेवणारी गोपनीयता उपकारक ठरतेच असे नाही, हेही मान्य करावे लागते.

परंतु महाविद्यालयातील अध्यापक हा त्या अर्थाने गुरू नाही. त्याच्या हाती अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत, उपस्थितीचा पट आहे, शिस्तपालन समितीचे सदस्यत्व आहे आणि वर्तणुकीच्या दाखल्यावर त्याची शिफारस चालते. पारंपरिक गुरूलाही शिष्यावर अधिकार होताच. फरक असा की तो अधिकार कागदावर उतरून कार्यालयात जात नव्हता. समुपदेशनाच्या नीतिशास्त्रात यालाच दुहेरी नाते म्हणतात. सकाळी ज्याच्यापुढे 'मला अभ्यास सुचत नाही, मी गोळ्या घेते' असे सांगितले, त्यानेच दुपारी तोंडी परीक्षा घ्यावयाची असेल, तर विद्यार्थिनी बोलताना शब्द तोलते. ही तिची अप्रामाणिकता नव्हे, व्यवहारज्ञान आहे. उलट अध्यापकालाही ऐकलेली गोष्ट गुण देताना विसरता येत नाही. दया वाटली तरी पक्षपात आणि संशय वाटला तरी पक्षपातच.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील पोकळी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमात गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि अपवादही नेमके सांगितले आहेत : नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या कर्तव्यापुरती माहिती, उपचार करणाऱ्या अन्य व्यावसायिकांना माहिती, दुसऱ्या व्यक्तीला इजा वा हिंसेपासून वाचवणे, जीविताचा धोका टाळणे, सक्षम प्राधिकरणाचा किंवा न्यायालयाचा आदेश, आणि सार्वजनिक सुरक्षितता. यांतील सर्वांत मोलाची तरतूद अशी की, इजेपासून वाचवण्यासाठी माहिती द्यावी लागली तर ती त्या इजेपुरतीच द्यावी. २४ व्या कलमाने, मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा अन्य माहिती तिच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आहे. २५ व्या कलमाने व्यक्तीला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे.

तथापि या कलमांचे शब्द नीट पाहिले की महाविद्यालयीन केंद्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते, असे दिसते. हक्क 'मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा' आहे आणि कर्तव्य 'आरोग्य व्यावसायिकांचे' आहे. घरच्या आठवणीने रडणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आजारी नसतो आणि त्याचे ऐकून घेणारा इतिहासाचा प्राध्यापक आरोग्य व्यावसायिक नसतो. म्हणजे तोच विद्यार्थी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचारासाठी गेला तर त्याला वैधानिक संरक्षण मिळते. पण महाविद्यालयाच्या पाटीवर विश्वास ठेवून आत गेला तर त्याच्या पाठीशी ती पाटीच असते.

साक्षीपुराव्याच्या कायद्यातही अशीच स्थिती आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात वकील आणि अशील यांच्यातील संवादाला संरक्षण आहे; समुपदेशकाशी झालेल्या संवादाला तसे विशेष संरक्षण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात मानसोपचारकाशी झालेला संवाद संरक्षित मानला आणि परवानाधारक सामाजिक कार्यकर्तीलाही हा लाभ दिला. आपल्याकडे न्यायालयाने नोंदवही मागवली तर ती द्यावी लागेल, हे गृहीत धरूनच तिच्यात काय लिहावे याचा विचार झाला पाहिजे.

वयाचा प्रश्न आणखी बिकट आहे. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या अकरावी-बारावीच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ च्या १९ व्या कलमानुसार, अशा अपराधाची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास २१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सतरा वर्षांच्या मुलीने स्वेच्छेच्या संबंधाविषयी सांगितले, तरी कायद्याच्या दृष्टीने तिच्या संमतीला अर्थ नाही. तेव्हा अशा मुलीला 'तू काहीही सांग, बाहेर जाणार नाही' असे म्हणणे हे पाळता न येणारे वचन आहे. तिने बोलल्यानंतर नियम सांगणे म्हणजे विश्वासघात, आणि बोलण्याआधी सांगणे म्हणजे तिला निवडीची संधी देणे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, तसेच सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय असावा, या त्यातील तरतुदी महाविद्यालयांनी आतापासूनच अंगीकारण्याजोग्या आहेत. मात्र हा अधिनियम अंकीय स्वरूपातील माहितीपुरताच आहे. गुगल फॉर्मवर भरून घेतलेली समस्या त्याच्या कक्षेत येते, वहीत लिहिलेली येत नाही. शिवाय २०११ च्या नियमांत मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढली होती. त्या नियमांचा रोख व्यापारी संस्थांवर होता हे खरे. तरी तशी वेगळी प्रतवारी नव्या अधिनियमात ठेवलेली नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. नियमांत आरोग्यसेवेसाठी मर्यादित सूट असली, तरी महाविद्यालयीन शिक्षक-समुपदेशक तीत बसतो काय, हा प्रश्न उरतोच. ज्या विद्यार्थिनीची तक्रार घरच्यांविषयीच आहे तिच्यासाठी संमती मागावयाची ती कोणाकडे?

दोन परदेशी घटना

गोपनीयतेच्या चर्चेत टॅरासॉफ खटल्याचा उल्लेख अटळ असतो, पण तो विद्यापीठाच्या आवारातला आहे हे सहसा सांगितले जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एका भारतीय विद्यार्थ्याने १९६९ मध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाजवळ एका तरुणीला मारण्याचा विचार बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. त्यांनी विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून, तो समंजस वाटल्याने सोडून दिले. त्यानंतर मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी पोलिसांकडील पत्र परत मागवले आणि पत्राच्या प्रती व उपचाराची टिपणे नष्ट करण्यास सांगितले. त्या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच काही कळवले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिची हत्या झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर १९७६ मध्ये असा निर्णय दिला की, ज्या व्यक्तीला गंभीर धोका आहे तिच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य उपचारकावर असते.

या निर्णयाचा आधार घेऊन 'म्हणजे प्रसंगी सर्वांना सांगावेच लागते' असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. येथे गोपनीयता मोडली गेली होती, पण चुकीच्या दिशेने. माहिती व्यवस्थेत फिरली आणि जिला तिची गरज होती तिच्यापर्यंत पोहोचली नाही. पुढे संस्थेला अडचण वाटली तेव्हा नोंदच नष्ट करण्यास सांगण्यात आले. धोका असेल तेव्हा कोणाला, किती आणि कशासाठी सांगावे याचा निर्णय आधीच ठरलेला नसेल, तर संस्था एक तर सर्वांना सांगते, नाही तर कोणालाच सांगत नाही.

दुसरी घटना फिनलंडमधील आहे. व्हास्तामो या खाजगी मानसोपचार केंद्रांच्या कंपनीच्या संगणकातून रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ही गोष्ट उघड झाली. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली. ती न मिळाल्याने काही नोंदी आंतरजालाच्या गुप्त भागात प्रसिद्ध केल्या आणि नंतर थेट रुग्णांनाच धमकीचे संदेश पाठवले. सुमारे ३३,००० रुग्णांची माहिती धोक्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील माहिती-संरक्षण यंत्रणेने तिला ६,०८,००० युरोंचा दंड ठोठावला. येथे ऐकणाऱ्या उपचारकांनी कोणाजवळ काही बोलल्याने हे घडले नव्हते. त्यांचे ओठ मिटलेले होते, संगणकाचे दार उघडे होते. आपल्या महाविद्यालयांत इतकी मोठी माहिती नसते, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे मानता येणार नाही. विभागाच्या सामायिक संगणकावर उघड्या ठेवलेल्या एका तक्त्याला चोराचीही गरज नसते.

२०२५ चे निर्देश आणि 'निनावी' नोंद

विशाखापट्टणम येथे प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा निर्देश दिले. योग्य कायदा वा नियमावली होईपर्यंत ते शाळा, महाविद्यालये, शिकवणी संस्था व वसतिगृहे यांना लागू आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी. अध्यापक व अन्य कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि पुढे पाठवणे यांचे प्रशिक्षण द्यावे. संस्थेने निनावी नोंदी ठेवून वार्षिक अहवाल सादर करावा, असे त्यांत सांगितले आहे.

२०१५ आणि २०२५ या दोन मजकुरांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात अध्यापक हाच समुपदेशक आहे; दुसऱ्यात अध्यापक प्रथमोपचार करून योग्य व्यक्तीकडे पाठवणारा आहे. पहिल्यात वैयक्तिक तपशिलांची देवाणघेवाण अपेक्षित आहे. दुसऱ्यात अहवाल निनावी असावयाचा आहे. महाविद्यालयांनी कोणता मार्ग धरावा याविषयी संदेह राहू नये. दुसरा मार्ग अध्यापकावरील अवाजवी ओझेही कमी करतो.

मात्र 'निनावी' या शब्दाने भागत नाही. नावाचा रकाना वगळला म्हणजे व्यक्ती लपली असे आपण समजतो. समजा, 'तृतीय वर्ष, संस्कृत, विद्यार्थिनी, वसतिगृहवासी, कौटुंबिक हिंसा : १' अशी ओळ अहवालात आली आणि त्या वर्गात विद्यार्थिनी चारच आहेत; तर ती कोण हे शिपायालाही सांगता येईल. लहान महाविद्यालयात निनावीपणा हा गणिताचा प्रश्न आहे. वर्ग, लिंग, विषय व समस्या ही चारही माहिती एकत्र न देता केवळ एकूण संख्या द्यावी आणि संख्या फार लहान असेल तेथे गट एकत्र करावेत.

येथे मूल्यांकनाच्या संस्कृतीचाही विचार करावा लागतो. विद्यार्थी-साहाय्य हा नॅकच्या मूल्यांकनातील एक महत्त्वाचा निकष राहिला आहे, आणि केलेल्या प्रत्येक कामाचा पुरावा जमवण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. व्याख्यानाचे छायाचित्र काढावे तसे समुपदेशन चालू असतानाचे छायाचित्र काढले जाते. त्यावर स्थळ-काळाचा शिक्का असतो आणि ते अहवालात जाते. रुग्णालयातील व्यक्तीचे छायाचित्र संमतीविना माध्यमांना देण्यास कायदा मनाई करतो. आपण मात्र समोर बसलेल्या विद्यार्थिनीची पाठ दिसते म्हणून निश्चिंत असतो. तिची वेणी आणि दप्तर वर्गाला ओळखू येते. समुपदेशनाचा खरा पुरावा म्हणजे त्याची सुस्पष्ट कार्यपद्धती होय. कोणी काय सांगितले हा पुरावा कोणत्याही समितीला देण्याचे कारण नाही, आणि तसे समितीला नम्रपणे सांगण्याची तयारी प्राचार्यांनी ठेवावी.

कार्यपद्धतीविषयी सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. पाटीवरील मजकूर बदलावा. बोलण्यास आरंभ होण्यापूर्वी विद्यार्थ्याला पुढील आशयाचे निवेदन मराठीतून वाचून दाखवावे : 'तुम्ही येथे जे सांगाल ते तुमच्या शिक्षकांना, कार्यालयाला किंवा घरी आम्ही कळवणार नाही. याला अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास, अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास, किंवा न्यायालयाने आदेश दिल्यास आम्हांला सांगावे लागेल. तेव्हाही गरजेपुरतेच सांगू आणि शक्यतो आधी तुम्हांला कल्पना देऊ. आम्ही थोडक्यात टिपण ठेवतो; ते तुम्ही पाहू शकता.'

२. नोंदवही दोन भागांत विभागावी. भेटीच्या वहीत केवळ दिनांक व संकेतांक असावा. टिपण वेगळ्या कुलुपात, समुपदेशकाच्याच स्वाधीन असावे. संकेतांक व नाव यांची यादी तिसऱ्या ठिकाणी असावी. 'समस्येचे स्वरूप' हा रकाना आणि सही या दोन्ही गोष्टी भेटीच्या वहीतून काढून टाकाव्यात.

३. टिपणात विद्यार्थ्याने सांगितलेली कथा लिहू नये. पुढील भेटीस आवश्यक तेवढेच, निष्कर्षात्मक विशेषणे टाळून लिहावे. ते किती वर्षे ठेवावयाचे आणि कोणी नष्ट करावयाचे हे आधी ठरवावे. चौकशी वा खटला चालू असताना काहीही नष्ट करू नये.

४. ज्या अध्यापकाच्या हाती विद्यार्थ्याचे गुण आहेत त्याने त्याचे समुपदेशन करू नये. त्याने ऐकावे, धीर द्यावा आणि पुढे पाठवावे. एका महाविद्यालयाला समुपदेशक परवडत नसल्यास शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून त्याची सेवा घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा.

५. समस्या गुगल फॉर्मवर मागवू नयेत आणि विद्यार्थ्यांविषयीची कोणतीही बाब अध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. समुपदेशनाची छायाचित्रे काढू नयेत.

६. आणीबाणीच्या प्रसंगी कोणाला कळवावयाचे यांची नावे वर्षारंभी ठरवावीत. पालकांना कळवणे हा आत्महत्येच्या धोक्यात बहुधा योग्य मार्ग असतो. परंतु धोका घरातूनच असेल तर विद्यार्थ्याने सांगितलेल्या अन्य विश्वासू व्यक्तीचा विचार करावा. 'तिला एकटे ठेवू नका, आज डॉक्टरांकडे न्या' एवढे सांगणे पुरेसे असते. त्यामागची सर्व हकीकत सांगण्याची गरज नसते.

या सूचनांवर आक्षेप येईल की, मनुष्यबळ नसताना एवढा काटेकोरपणा कसा साधावा? पण यांतील बहुतेक सूचनांना पैसा लागत नाही. एक रकाना वगळणे, एक कुलूप वाढवणे, चार वाक्ये वाचून दाखवणे आणि एक छायाचित्र न काढणे एवढेच करावयाचे आहे. दुसरा आक्षेप असा की, अपवाद आधीच सांगितले तर विद्यार्थी बोलणारच नाही. काही जण बोलणार नाहीत हे खरे. परंतु जो विद्यार्थी फसवून बोलता केला गेला तो पुन्हा कोणत्याच समुपदेशकाकडे जाणार नाही, आणि त्याची गोष्ट ऐकलेले त्याचे मित्रही जाणार नाहीत. हे नुकसान मोजता येत नाही म्हणून ते कमी ठरत नाही.

समारोप

महाविद्यालयीन समुपदेशनातील गोपनीयता आज तीन तुकड्यांत विखुरलेली आहे. आयोगाच्या २०१५ च्या सूचना तिला सुरक्षेच्या हवाली करतात, २०१७ चा अधिनियम तिला आजारी व्यक्तीपुरती आणि २०२३ चा अधिनियम अंकीय माहितीपुरती मर्यादित ठेवतो. या तिन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा राहते तेथे आपली कागदी नोंदवही आहे. २०२५ च्या निर्देशांनी दिशा दाखवली आहे. पण ते निर्देश सविस्तर नियमांची जागा घेऊ शकत नाहीत. आयोगाने शिक्षक-समुपदेशकाची भूमिका नव्याने मांडावी आणि वैयक्तिक तपशिलांच्या देवाणघेवाणीचे कलम मागे घ्यावे, तसेच अर्हताप्राप्त समुपदेशकाचे पद अनुदानाच्या आकृतिबंधात आणावे, अशी मागणी प्राध्यापक संघटनांनीही लावून धरावयास हवी.

तोवर अध्यापकाच्या हाती जे आहे ते कमी नाही. पूर्ण गोपनीयतेचे वचन आपण देऊ शकत नाही, म्हणून ते देऊ नये. मर्यादा सांगून दिलेले लहान वचन मात्र देता येते आणि पाळताही येते. विद्यार्थी आपल्यासमोर बसतो तेव्हा आपण सर्व काही पोटात ठेवू अशी त्याची अपेक्षा असतेच असे नाही. काय ठेवले जाईल आणि काय ठेवता येणार नाही हे त्याला आधी कळावे, एवढी त्याची अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करण्यासाठी येत्या शैक्षणिक वर्षाची नवी वही आखण्यापूर्वी तिच्यातील रकाने एकदा वाचून पाहावेत.